विनाथांबा

परवा रविवारी दूध घेऊन येताना चौकात एका जोडप्याने मला अडवलं. दोघांच्या अंगात एकसारखे पिवळे रेनकोट, आणि गाडीच्या मागे अडकवलेल्या दोन सायकली. मुलगी गोड होती. काकू, पावसात सायकल चालवायला इकडे एखादा निवांत रस्ता आहे का, असं तिने विचारलं. फार चढ नको, वर्दळ नको, नुसतं आरामात जाता यावं. मी त्यांना पळसदरीचा रस्ता दाखवला. तिथे धरण आहे, भजी मिळतात, फोटो चांगले येतात, असं सगळं सांगितलं. ती दोघं थँक्यू म्हणून गेली आणि मी पिशवी हातात घेऊन तिथेच उभी राहिले. चढ नसलेला, वर्दळ नसलेला, आरामात जाता येईल असा रस्ता मला ठाऊक आहे. माझ्या मते सबंध कर्जत-खालापुरात तो एकच आहे. तो निवडायला आम्ही दोघांनी किती खल केला होता! तो काही मी त्यांना सांगितला नाही.

आमचे हे वायरमन होते. नाव होतं, पण ते रेशनकार्डापुरतं. डोंगराच्या कडेने जेवढी गावं आणि वाड्या लागतात तिथे सगळीकडे ‘वायरमन आले’ एवढंच. पावसाळा हा त्यांच्या धावपळीचा काळ. वारं सुटलं की तारेवर फांदी पडायची, डीपी उडायचा, गावंच्या गावं अंधारात. मग रबरी हातमोजे कॅरियरला लावून हे निघत, ते कधी परततील याचा भरवसा नसे. माझं शिवणकाम, त्यात शाळांचे गणवेश. जून आला की मी मशीनवर आणि हे खांबावर. उमेदीची सगळी वर्षं अशी गेली. पावसाळ्यात नवराबायको खिडकीशी बसून कांदाभजी खातात, हे मी फक्त ऐकून होते.

निवृत्त झाले तेव्हा म्हटलं, चला, आता तरी पाऊस आपल्या वाट्याला आला. तर त्यांचा उजवा अंगठा थरथरायला लागला. मग हात. पनवेलच्या डॉक्टरांनी कंपवात असं निदान केलं. हात थरथरतो तो लोकांना दिसतो, पण खरा जाच पायांचा. चालता चालता ते जमिनीला चिकटत, त्यातही दारात जास्त. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी हे उभे राहत. पुढे यायचंय हे चेहऱ्यावर दिसे आणि पाय काही उचलत नसे. मी माझा पाय त्यांच्या पावलापुढे आडवा ठेवायची, की तो ओलांडून ते आत येत. हे असं का होतं ते डॉक्टरांनी समजावलं होतं, मला नीट कळलं नाही. सरसर खांबावर चढणाऱ्या माणसाला घरातला उंबरा जड झाला, एवढंच मला कळत होतं. अशा वेळी मी भांडी जरा जोरात आपटायची, म्हणजे नाक ओढल्याचा आवाज त्यांना जात नसे.

सायकलची गंमत कळली ती मागच्या वर्षी, ज्येष्ठ संपता संपता. फाटकाशी टेकवलेली त्यांची जुनी सायकल वाऱ्याने आडवी झाली होती. ती उचलायला हे बाहेर गेले आणि बराच वेळ परत येईनात, म्हणून मी मशीन थांबवून खिडकीतून डोकावले. सायकल उभी होती आणि तिचं हँडल धरून हे अंगणात चालत होते. अडखळत नव्हते, पाय ओढत नव्हते, चारचौघांसारखे चालत होते. मी हाक मारायच्या आत त्यांनी ओट्याच्या पायरीवर एक पाय ठेवला, दुसऱ्याने टांग टाकली आणि निघाले. गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. पाठ ताठ, मान वर. आजारपणाच्या आधीचा माझा नवरा पावसातून माझ्याकडे येत होता. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं मला झालं. फक्त ओट्याशी आल्यावर त्यांना उतरता येईना. मी धावत जाऊन सीट धरली तेव्हा उतरले, आणि जमिनीला पाय लागताच पुन्हा तेच ओढत चालणं.

डॉक्टरांना सांगताना वाटलं, आता ओरडा बसणार. पण त्यांना नवल वाटलं नाही. काही जणांचं असं होतं म्हणाले, चालणं अडतं पण सायकल अडत नाही. मग माझ्याकडे वळून त्यांनी बजावलं, की भीती चालवण्यात नाही, थांबण्यात आहे. थांबल्यावर पाय खाली टेकायला ह्यांना वेळेवर जमणार नाही. मुलगी पुण्यात असते. तिने फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. पावसात कशाला, घरातल्या घरात चालवायची सायकल मिळते ती घ्या, वगैरे. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि अंगणात जाऊन टायरमधली हवा दाबून पाहिली.

पावसातच का, हे मलाही आधी उमगलं नव्हतं. मी एकदा म्हटलं, उघडीप झाल्यावर जाऊ, घसरण तरी नसेल. तर म्हणाले, “रेनकोटात सगळीच माणसं बेढब दिसतात गं. त्यात मी एक.” तेव्हा कळलं. ऊन असलं की ओळखीची माणसं भेटत, त्यांच्या हाताकडे बघत, आणि मग बघितलंच नाही असं दाखवत. पाऊस कोसळत असला की कोणाला कोणाकडे बघायला सवड नसते. जो तो आपली छत्री सांभाळतो.

तर असा रस्ता हवा होता, की जिथे थांबावं लागणार नाही. ऐकायला सोपं वाटतं. आपल्या रोजच्या रस्त्याने एकदा मनातल्या मनात जाऊन पाहा, किती ठिकाणी पाय टेकतो आपण! रोज दुपारच्या चहाला आमची ही चर्चा चाले. पळसदरीला जावं तर मुंबईच्या गाड्या रस्त्यात आडव्या लावलेल्या, आणि खोपोली लाइनीच्या अंगाने जावं तर फाटक कधी पडेल सांगता येत नाही. साजगावच्या बाजूला कंपन्यांचे ट्रक. रसायनीचं मी नाव काढलं तर हे माझ्याकडे बघून हसले, म्हणाले, टँकरखाली घालायचं असेल तर सरळ सांग. गावागावांतून आता सिमेंटचे रस्ते झालेत, ते दिसायला छान, पण पावसात त्यांच्यावर शेवाळ धरतं. ह्यांना रस्ते खांबांवरून आठवत. अमुक डीपीशी पाणी साचतं, तमुक खांबाशी कुत्री असतात, तिथल्या वळणावर म्हशी बसतात. एकेक रस्ता ते बोटावर मोजून बाद करत. बाद करताना त्यांच्या डोळ्यांत पूर्वीची चमक येई. खरं सांगायचं तर रस्ता मिळूच नये असं मला वाटायला लागलं होतं. ते पडतील ही भीती होतीच, पण त्याहून ती चहाची वेळ संपू नये असं वाटायचं.

आणि एका दुपारी बशी खाली ठेवून ते म्हणाले, कालवा. पाण्याला काही चढ चढता येत नाही, म्हणजे कालव्याच्या कडेचा रस्ता सपाटच असणार. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते असं, कारण तो रस्ता आमच्याच गल्लीच्या टोकाला सुरू होतो. मुरमाचा, चाकाला धरून ठेवणारा. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं, आणि शेवटी गावदेवीचं लहानसं देऊळ. देवळाला वळसा घातला की न उतरता माघारी फिरता येतं. प्रदक्षिणाही झाली, मी म्हटलं. आपली गाडी विनाथांबा, ते म्हणाले.

मुलीची शाळेतली सायकल मी पुसून घेतली. मी पुढे घंटी वाजवत, हे मागे, असं ठरलं. पुढे असल्यामुळे ते मला दिसत नसत. त्यांच्या सायकलचं चेनकव्हर घासत असे, खर्र खर्र, तेवढं ऐकू येई. तो आवाज येतोय तोवर सगळं ठीक. एरवी मला त्या आवाजाचा वैताग होता. कितीदा सांगितलं असेल तेल घाला म्हणून. आता तेल घालू नका म्हणून सांगितलं.

एवढा विचार करून एक गोष्ट आम्ही दोघंही विसरलो. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते, खाचराखाचरांतून बायका वाकलेल्या. आवणीत शेताकडेने जायचं आणि चार शब्द न बोलता पुढे जायचं, ही आमच्याकडे मिजास समजतात. त्यात हे तर वायरमन. कातकरवाडीच्या बायका एका खाचरात रोप लावत होत्या. त्यांच्यातली बारकीबाई आम्हाला जुनी ओळखणारी, पावसाळ्यात रानभाजी घेऊन घरी यायची. तिने चिखलाचा हात वर केला आणि ओरडली, किती दिसांनी दिसलात वायरमन, आमच्या वाडीची लाईट बघून जा. आणि ह्यांनी ब्रेक दाबला. जन्मभराची सवय. कोणी हात केला की थांबायचं. मागचं खर्र खर्र बंद झालं. मी वळले तोवर हे सायकलसकट, सावकाश, धान्याचं पोतं कलंडावं तसे खाचरात गेले होते.

बायका धावल्या. बारकीबाईने काखेत हात घालून त्यांना बसतं केलं. मिशांना चिखल, टोपी गायब, आणि हे हसत होते. बायकाही हसायला लागल्या. मला काही हसू येईना. ह्यांच्या अंगाखाली नुकतं लावलेलं रोप चेंगरलं होतं. मी ह्यांचं तोंड पुसत होते तोवर दोघींनी वाकून ते पुन्हा उभं केलंसुद्धा. मग मी बारकीबाईला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. चालता येत नाही, सायकल येते, फक्त मध्ये थांबता कामा नये. तिने ऐकून घेतलं.

“मंग आदी सांगायचं नाय का, वयनी?” ती म्हणाली. “आमी नाय थांबवणार. ते दिसलं का वाट सोडू.”

त्या दिवसापासून त्या रस्त्यावर जे घडलं ते मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. आम्ही लांबून दिसलो की एका खाचरातून हाळी उठायची, वायरमन आलं गं, वाट सोडा. ती पुढच्या खाचरात, तिथून त्याच्या पुढच्या. आमच्या आधी आमची वर्दी जायची. कोणी म्हशीला दटावून खाली उतरवी, कोणी रस्त्यावर ठेवलेल्या रोपाच्या मुठी उचलून कडेला घेई, कोणी पोरांची मनगटं धरून उभी राही. आम्ही जवळ आलो की सगळ्या कंबर सरळ करून हात वर करत आणि म्हणत, चला, चला. लाईटचं कोणी विचारत नसे, चहाला कोणी बोलवत नसे. ओळखीच्या माणसाला न बोलता जाऊ द्यायचं हे इथल्या माणसांना फार अवघड आहे. त्यांनी ते ह्यांच्यासाठी केलं.

तो आषाढ आणि तो श्रावण. डोंगरावरून पांढऱ्या धारा लागलेल्या, समोरचा डोंगर मधूनच पुसला जायचा आणि पुन्हा यायचा. खाचरांतलं रोप आधी पिवळट, मग एके दिवशी अचानक हिरवं. लहान खेकडे रस्ता ओलांडत, त्यांना चुकवायला मी वळसा घेई, की मागचं खर्र खर्रही तसंच वळे. चिखलाचा, ओल्या गवताचा, कुठल्याशा चुलीचा वास. आम्ही फारसं बोलत नव्हतो. एका रांगेत जाताना काय बोलणार! पण लग्नानंतर इतका वेळ आम्ही एकत्र कधी घालवला नव्हता. घरी आल्यावर ह्यांना भूक लागे. रात्री झोप लागे. मला वाटायला लागलं की हे असंच चालू राहील. माणूस किती लवकर हावरट होतो.

श्रावणातली एक दुपार. देवळाला वळसा घालून परतत होतो. मागून आवाज आला, “अगं, सगळी हात करतात. पण मला थांबवत कोणीच नाय आता.” घरात हे कधी ‘नाय’ म्हणत नसत. गावात काम करताना जी भाषा त्यांच्या तोंडात असे ती आली होती. वळून बघणं शक्य नव्हतं. पेडल मारत राहिले.

पुढच्या खेपेला वाडीजवळ आलो आणि हे मागून म्हणाले, आज थांबायचं. मी घाबरले, पण बारकीबाईला हाक मारली. तिने अजून तिघींना बोलावलं. दोघींनी हँडल धरलं, एकीने कॅरियर, आणि हे सीटवर तसेच बसून राहिले, घोड्यावरच्या नवरदेवासारखे. बारकीबाईने गवती चहा घातलेला कोरा चहा आणला. त्यांच्या हाताने कप सांडला असता, म्हणून तिने तो स्वतःच त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी वाडीची विचारपूस केली. लाईट डिम येते असं कळल्यावर खांबाकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, तारेला ती शिवणीच्या झाडाची फांदी लागतेय, पण तुम्ही कोयती लावू नका, हापिसात कळवा. त्यांचा आवाज खणखणीत होता. वाडीतली माणसं निमूट ऐकत होती. कप रिकामा झाल्यावर त्या चौघींनी धावत धावत सायकल ढकलून दिली आणि हे सुटले. मला माझ्या सायकलवर बसून त्यांना गाठता गाठता नाकी नऊ आले. त्या दिवशी पहिल्यांदा हे माझ्या पुढे होते.

भाद्रपदात ते न्हाणीघरात पडले. ज्या रस्त्याची आम्ही एवढी पारख केली तिथे काही झालं नाही, आणि घरातल्या चार फरश्यांनी घात केला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण मग ते उठलेच नाहीत. आधी बसणं गेलं, मग गिळणं, मग बोलणं. दिवाळीत खाटेवरून त्यांनी मला विचारलं होतं, कालव्याकडचं भात कापलं का. मी हो म्हटलं. मी जाऊन पाहिलं नव्हतं, त्यांना सोडून कुठे जाणार! संक्रांतीच्या आधी ते गेले. शेवटचे काही दिवस मी त्यांचे पाय चेपत बसायची. ते पाय उबदार होते, निरोगी दिसत होते. त्यांच्यात काही कमी आहे असं कोणी म्हटलं नसतं. मला अजून त्या पायांचा राग येतो. असा राग येतो, आणि मग त्यांची इतकी आठवण येते की शिवण उसवून पुन्हा घालत बसते.

तेराव्यानंतर मी वाडीवर सांगायला गेले होते. वाडी बंद. झोपड्यांच्या दारांना काट्यांची शिरी लावलेली, कोंबडंसुद्धा नाही. दिवाळी झाली की ही माणसं बिऱ्हाडासकट वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात, हे मला काय माहीत नव्हतं? पण त्या दिवशी सुचलं नाही. रिकाम्या वाडीत मी थोडा वेळ बसले आणि परत आले.

यंदा पाऊस लागला, गणवेश देऊन झाले, आणि मी सायकल बाहेर काढली. आता मला कुठलाही रस्ता चालतो. फाटक चालतं, चढ चालतो, चढ आला तर उतरून हातात घेईन. कोणी थांबवलं तर थांबेन. तरी काल दुपारी मी कालव्याकडेच वळले. बारकीबाईला सांगायचं होतं. माणूस गेलेलं त्याच्या माणसांना कळायला हवं, आणि ते आपल्या तोंडून कळावं. गल्लीतून निघताना वाक्यही जुळवून ठेवलं होतं.

पाऊस दाट होता. पुढचं दिसत होतं, मागचं काही नाही. पहिलं खाचर आलं आणि कोणीतरी मान वर केली. मग हाळी उठली. वायरमन आलं गं, वाट सोडा. ती माझ्या पुढे पुढे धावत गेली, खाचरामागून खाचर. मी ब्रेकवर बोटं ठेवली होती. बारकीबाई बांधावरून लगबगीने वर आली, रस्त्यातली म्हैस तिने खाली लोटली, रोपाच्या मुठी उचलून छातीशी धरल्या आणि कडेला उभी राहिली. माझ्याकडे बघून हसली. हात वर केला, म्हणाली, चला वयनी, चला. आणि तिची नजर माझ्यावरून मागे गेली, रस्त्याकडे.

माझ्याने थांबवलं नाही. मी तशीच पुढे गेले. बऱ्याच अंतरावर गेल्यावर एकदा मागे वळून पाहिलं. त्या सगळ्या कडेला उभ्या होत्या, रस्ता मोकळा सोडून. अजून कोणी आवणीला वाकलं नव्हतं.